मुंबईचं घड्याळ देशापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं, त्या लढाईत उभे होते फिरोजशहा मेहता

नवा लॅपटॉप घेतला किंवा जुन्यावर विंडोज पुन्हा टाकलं, की एका स्क्रीनवर तुम्हाला टाइम झोन विचारला जातो. यादी खाली सरकवत गेलं की भारताची ओळ सापडते. चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. चार शहरं, एकच वेळ, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपण क्लिक करतो आणि पुढे जातो.

पण ही ओळ १९५० साली छापली असती, तर त्यात मुंबईचं नाव टाकताना थोडा घोळ झाला असता. मुंबईच्या स्टेशनवरचं घड्याळ आणि मुंबई महापालिकेचं घड्याळ तेव्हा वेगवेगळी वेळ दाखवत होतं. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक होता. आणि हा फरक कुणाच्या चुकीने पडला नव्हता, तो ठरवून ठेवलेला होता.

हे कसं झालं, हे समजून घ्यायचं तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनला त्यांचं नाव आहे. सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या मुख्यालयाबाहेर त्यांचा पुतळा आहे. नाव, सर फिरोजशहा मेहता.

आधी हे समजून घेऊ: प्रत्येक गावाचे बारा वेगळे

घड्याळं यायच्या आधी वेळ ठरायची ती सूर्यावरून. सूर्य डोक्यावर आला की दुपार. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे सूर्य सगळ्या गावांच्या डोक्यावर एकाच क्षणी येत नाही. पूर्वेकडच्या गावाला आधी, पश्चिमेकडच्या गावाला नंतर. एका रेखांशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो.

पालघर जिल्ह्यात जव्हारजवळ शिरपामाळ नावाची जागा आहे. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी महाराजांना शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला होता, असं सांगितलं जातं. त्यावरूनच माळाला हे नाव पडलं. आता शिरपामाळावरची दुपार आणि सुरतेतली दुपार यांत साधारण दीड मिनिटाचा फरक आहे. सुरत पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य थोडा उशिरा डोक्यावर येतो. घोड्यावरून जाणाऱ्याला दीड मिनिटाचं काय पडलंय? प्रवासाला दिवस लागायचे. त्यामुळे प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि कुणाचंच काही बिघडायचं नाही.

घोळ झाला तो रेल्वे आणि तारेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्या काही वर्षांत रूळ देशभर पसरले. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं पुढे. आता वेळापत्रक कुठल्या वेळेने छापायचं? शेवटी रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला जुनी वेधशाळा होती आणि ते शहर मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्ये पडत होतं.

म्हणजे मुंबईकराला गाडी पकडायची तर आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवावा लागायचा. बाकी शहराचा कारभार मात्र मुंबईच्या वेळेने चालायचा. ही वेळ कुलाब्याच्या वेधशाळेत ठेवली जायची.

मुंबईचा मुलगा

फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईचाच. घर पारशी, वडील मेरवानजी व्यापारात. एल्फिन्स्टन कॉलेजमधून १८६४ साली ते पदवीधर झाले आणि पाठोपाठ एमए. मुंबई विद्यापीठातून एमए झालेले ते पहिले पारशी.

कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी या विद्यार्थ्यातली चमक ओळखली होती. रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी भारतीय तरुणांना इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. ती मेहतांना मिळाली आणि ते लंडनला निघाले.

तेवढ्यात इकडे मुंबई कोसळली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपलं, भाव पडले आणि शेअरचा फुगा फुटला. भलेभले बुडाले, त्यात रुस्तमजीही होते. शिष्यवृत्तीच्या पैशांवर त्याचा परिणाम झाला. तरीही मेहता लंडनमध्ये टिकले. लिंकन्स इनमध्ये त्यांनी कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं.

लंडनमध्ये त्यांना आणखी एक शाळा मिळाली. दादाभाई नौरोजी तेव्हा तिथेच होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना एकत्र बांधत होते. राज्य ज्यांच्यावर चालवायचं, त्यांना त्यात काही विचारलं जायला हवं, हा विचार मेहतांनी त्या काळात घट्ट धरला. पुढची जवळपास ५० वर्षं ते वेगवेगळ्या प्रश्नांवर हीच गोष्ट मांडत राहिले. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परतले.

पालिकेत एन्ट्री

त्या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच. कामाला प्रचंड उत्साही, पण खर्चाचा हात सैल. रस्ते, गटारं, बाजार झाले आणि तिजोरी रिकामी झाली. १८७१ साली करदाते चिडले आणि क्रॉफर्ड यांना हटवण्यासाठी सभा होऊ लागल्या.

या वातावरणात तरुण मेहता उभे राहिले आणि प्रवाहाच्या उलट बोलले. क्रॉफर्ड यांनी शहरासाठी काम केलं आहे, दोष एका माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. उपाय काय? करदात्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आणि त्यांना जबाबदार असलेला कारभार. हे ऐकून लोक खूश झाले नाहीत. पण १८७२ च्या कायद्याने मुंबईला खरोखरच अशी पालिका मिळाली, जिच्यात निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले होते.

मेहता पालिकेत शिरले ते कायमचेच. १८८४ आणि १८८५ मध्ये ते अध्यक्ष झाले. पुढे १९०५ आणि १९११ मध्येही झाले.

पालिकेचा नवा कायदा तयार होत असताना त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं. सुरुवातीच्या मसुद्यात कमिशनरच्या हातात फार सत्ता होती. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यावर आक्षेप घेतले, बदल सुचवले. शेवटी झाला तो १८८८ चा मुंबई महापालिका कायदा. बीएमसी आजही, अनेक दुरुस्त्यांसह, याच कायद्यावर चालते. पालिकेबाहेर मेहतांचा पुतळा का आहे, याचं उत्तर इथे आहे.

घड्याळाची पहिली फेरी

याच काळात सरकारने मुंबईच्या घड्याळाला हात लावला.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की मुंबईतली सरकारी कार्यालयं मद्रास वेळेने चालतील. रेल्वेची वेळ ती, तारेची वेळ ती, मग कार्यालयांची का नको? तर्क सरळ होता. पण शहराला कुणी विचारलं नव्हतं. व्यापारी नाराज झाले, वर्तमानपत्रांनी टीका केली. एकाच रस्त्यावर सरकारी घड्याळ एक सांगणार आणि दुकानातलं दुसरं.

राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता. शेअर बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला होता. विद्यापीठाने त्यावर मुंबईचीच वेळ ठेवली. मग घड्याळावरच्या दिव्यांच्या खर्चाचा वाद निघाला. मद्रास वेळ दाखवली तरच पैसे, अशी सरकारची भूमिका होती. विद्यापीठ मानलं नाही.

१८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. मुंबईची वेळ मुंबईकडे परत आली. हा वाद लोकांच्या लक्षात राहिला.

कौन्सिलमधला बॅरिस्टर

मधल्या २० वर्षांत मेहता मुंबईचे राहिले नाहीत, देशाचे झाले. १८८५ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष मेहता होते.

मग ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये गेले. १८९५ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती आली. एखाद्या भागात गडबड झाली तर जादा पोलिसांचा खर्च कुणाकडून वसूल करायचा, हे अधिकाऱ्यांनी परस्पर ठरवायचं, असा त्याचा रोख होता. मेहतांनी त्याची चिरफाड केली. सरकारी बाकांवरची मंडळी अस्वस्थ झाली, कारण अशी टीका ऐकायची त्यांना सवय नव्हती.

१९०१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात जमीन महसुलाच्या कायद्यातला बदल आला. शेतकऱ्याचा जमीन विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घ्यायची त्यात सोय होती. सरकारचं म्हणणं होतं की हे शेतकऱ्याच्याच भल्यासाठी आहे. मेहतांचं म्हणणं होतं की आधी लोकांचं मत घ्या, घाई करू नका. सरकार ऐकेना, तेव्हा मेहता सभागृहातून उठून बाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखले आणि इतर काही सभासदही त्यांच्यासोबत बाहेर आले. त्याच वर्षी तब्येतीमुळे मेहतांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधली जागा सोडली आणि त्यांच्या जागी गोखले गेले.

पालिका असो, पोलीस असो की जमीन, प्रत्येक भांडणात मेहतांचा मुद्दा एकच दिसतो. निर्णय चांगला आहे की वाईट, हे नंतर बघू. ज्यांना तो पाळायचाय, त्यांना आधी विचारलंत का?

१ जानेवारी १९०६

आता घड्याळाची दुसरी फेरी आली, आणि ती मोठी होती.

१८८४ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून मान्य झाली होती. एकेक देश ग्रीनिचला जोडलेली वेळ घेऊ लागला. भारतासाठी सरकारने ८२.५ अंश पूर्व हा रेखांश निवडला. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे बरोबर साडेपाच तास. हीच आपली आयएसटी. १ जानेवारी १९०६ पासून ती लागू झाली.

हिशेब असा होता. मद्रासला घड्याळ फक्त ९ मिनिटं पुढे करायचं होतं. कलकत्त्याला साधारण २३ मिनिटं मागे. मुंबईला मात्र तब्बल ३९ मिनिटं पुढे. सगळ्यात मोठी उडी मुंबईच्या वाट्याला आली.

३९ मिनिटांनी काय बिघडतं? जानेवारीतल्या गिरणी कामगाराला विचारा. त्या महिन्यात मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने साधारण ७ वाजून १२ मिनिटांनी उगवतो. जुन्या मुंबई वेळेने तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असायचे. गिरणीने भोंग्याचा आकडा तोच ठेवला आणि घड्याळ तेवढं बदललं, तर कामगाराला रोज ३९ मिनिटं आधी, काळोखात घर सोडावं लागणार. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून मिलच्या कामगारांनी याविरोधात काम थांबवलं आणि दगडफेक झाली. अंतर किती आणि रेखांश कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपली झोप कुणीतरी न विचारता कापली, हे त्यांना कळलं होतं.

आणि तो काळही साधा नव्हता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशी आणि बहिष्काराची हवा होती. सरकारने वरून ठरवलेली कुठलीही गोष्ट आता संशयाने बघितली जात होती. त्यात घड्याळही आलं.

रेल्वे, तारखातं आणि सरकारी कार्यालयं नव्या वेळेवर गेली. उरली महापालिका. तिच्या बाजारांवरची, इमारतींवरची घड्याळं कुठली वेळ दाखवणार, हे तिने स्वतः ठरवायचं होतं. आणि पालिकेत मेहता होते. १९०४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली होती. १९०५ मध्ये ते पुन्हा पालिकेचे अध्यक्ष झाले होते. शहर त्यांना मुंबईचा सिंह म्हणायचं.

मेहतांनी जुनी वेळ टिकवण्याची बाजू घेतली. त्यांचा आक्षेप खगोलशास्त्रावर नव्हता. सरकारने लोकांना विश्वासात न घेता हा बदल केला, हे त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नव्या वेळेचा प्रस्ताव अडवला आणि पालिकेने मुंबई वेळ कायम ठेवली.

म्हणजे स्टेशनवर १० वाजलेले असायचे, आणि पालिकेच्या बाजारावर ९ वाजून २१ मिनिटं. भेटायची वेळ ठरवताना विचारावं लागायचं, कुठल्या घड्याळाने?

मेहता बरोबर होते की चूक?

सोयीच्या बाजूने बघितलं तर प्रमाणवेळ गरजेची होती. एका शहरात दोन घड्याळं म्हणजे रोजची कटकट. गाडी चुकणार, कोर्टाची तारीख हुकणार, तार कधी आली याचा वाद होणार. आज कुणी प्रत्येक शहराची वेगळी वेळ ठेवा म्हणालं तर आपणच हसू.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पालिका लोकांची म्हणायची, पण मत होतं ते ठरावीक कर भरणाऱ्यांना. काळोखात गिरणीकडे निघालेल्या कामगाराला पालिकेतही आवाज नव्हता. त्याला ना सरकारने विचारलं, ना पालिकेने. मेहतांच्या लोकशाहीची ही मर्यादा होती.

तरीही त्यांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. वेळ ही निसर्गाने दिलेली गोष्ट वाटते, पण घड्याळावरचा आकडा हा माणसांमधला करार असतो. ८२.५ अंश रेखांश मुंबईच्या डोक्यावर नाही. तो आपण मान्य केलाय म्हणून चालतो. करार करताना दुसऱ्या बाजूला विचारायचं असतं, एवढंच मेहता सांगत होते.

शेवटची वर्षं

या हट्टाचा सरकारी अधिकाऱ्यांना वैताग येणारच होता. १९०७ मध्ये काही इंग्रज अधिकारी आणि पत्रकार यांनी एकत्र येऊन मेहतांना पालिकेतून बाहेर काढायचा डाव रचला. हा गट कॉकस नावाने प्रसिद्ध झाला. निवडणुकीत मेहता थोडक्यात मागे पडले, पण निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द झाली आणि ते पालिकेत परत आले. या प्रकाराने मुंबईत त्यांचं वजन उलट वाढलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरतेत काँग्रेस फुटली. एका बाजूला लोकमान्य टिळक, दुसऱ्या बाजूला मेहता आणि गोखले. टिळकांच्या बाजूच्या लोकांना मेहता फार मवाळ वाटायचे, आणि त्यात तथ्यही होतं. मेहतांचा भरवसा कायद्यावर, सभागृहावर आणि अर्ज-विनंतीवर होता. देश त्यांच्या पुढे निघाला होता.

पण संस्था उभ्या करण्याचं त्यांचं काम थांबलं नाही. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी सेंट्रल बँक ऑफ इंडिया सुरू केली, तिचे पहिले चेअरमन मेहता होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक काढलं आणि बी. जी. हॉर्निमन यांना संपादक केलं. स्वातंत्र्य चळवळीत या दैनिकाने पुढे मोठं काम केलं.

१९१५ हे वर्ष मुंबईला जड गेलं. फेब्रुवारीत गोखले गेले. ५ नोव्हेंबर १९१५ ला, वयाच्या ७० व्या वर्षी, मेहता गेले. त्या दिवशीही पालिकेचं घड्याळ ३९ मिनिटं मागेच होतं.

मग मुंबईची वेळ कधी गेली?

मेहतांनंतर आणखी ४० वर्षांनी. मध्ये दुसऱ्या महायुद्धात तर वेगळाच प्रकार झाला. वीज वाचवण्यासाठी सरकारने अख्ख्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हा काळ या युद्धवेळेचा. १९४८ मध्ये कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ सोडली. मुंबई महापालिकेने १९५५ मध्ये.

म्हणून घरात एखाद्या जुन्या वहीत पणजोबांची मुंबईतली जन्मवेळ लिहिलेली असेल, तर एक प्रश्न नक्की विचारा. ही वेळ मुंबईची की स्टँडर्ड? जन्म १९४२ ते १९४५ मधला असेल, तर युद्धवेळ धरली होती का? पत्रिका करणारी जाणकार मंडळी हे दोन्ही प्रश्न विचारतात, ते उगाच नाही.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरलाही यातलं अर्धंच माहीत आहे. लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन टाइम झोनची माहिती एका सामाईक डेटाबेसवरून घेतात. त्यात भारताची नोंद एशिया/कोलकाता या नावाने आहे. रेल्वेची मद्रास वेळ, १९०६ ची आयएसटी, युद्धाचा जादा तास, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. मुंबईची वेळ मात्र नाही. हा डेटाबेस १९७० नंतर ज्यांची वेळ वेगळी राहिली, त्यांनाच स्वतंत्र नोंद देतो. मुंबई १९५५ मध्येच सामील झाली होती. मेहतांची ३९ मिनिटं कॉम्प्युटरच्या आठवणीत नाहीत.

तुमच्या लॅपटॉपचं काय?

मेहतांच्या मुंबईत जो घोळ होता, तोच छोट्या रूपात तुमच्या मशीनमध्ये होऊ शकतो. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. लॅपटॉप बंद असला तरी ते चालू असतं. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना त्यावरून वेळ वाचते. पण आतल्या आत ती हिशेब यूटीसीत ठेवते आणि टाइम झोन बघून साडेपाच तास मिळवून तुम्हाला दाखवते. म्हणजे सगळ्या जगाची वेळ आत, आपल्या शहराची वेळ बाहेर. १९०६ मध्ये ही सोय असती, तर भांडण कदाचित अर्ध्यावर आलं असतं.

म्हणून इन्स्टॉल करताना हे पाळा.

- आधी टाइम झोन निवडा, मग वेळ बघा. लिनक्समध्ये मुंबई सापडत नसेल तर कोलकाता निवडा. तेच आपलं आहे.
- झोन चुकीचा ठेवून फक्त काटे फिरवू नका. घड्याळ बरोबर दिसेल, पण आतली यूटीसी चुकेल. मग ऑथेंटिकेटर ॲपचे ३० सेकंदांनी बदलणारे कोड लागत नाहीत आणि ईमेलवर भलतीच वेळ उमटते.
- तारीखच खूप मागची असेल, तर ब्राउझर सुरक्षित वेबसाइटही धोकादायक म्हणून दाखवतो. कारण प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती तुमच्या घड्याळावरून तपासली जाते.
- विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील आणि वेळ बरोबर साडेपाच तासांनी उडत असेल, तर मशीन बिघडलेलं नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी धरतं. दोघांना एकाच पद्धतीवर आणा.
- इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा पर्याय चालू ठेवा. लॅपटॉप बंद केल्यावर प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल, तर ती नाण्यासारखी बॅटरी बदला.

भारताची अधिकृत वेळ आज दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात. सूर्य मात्र कुणाचं ऐकत नाही. मुंबईत तो अजूनही सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो आणि शिरपामाळावर १२ वाजून ३७ मिनिटांनी. पुढच्या वेळी टाइम झोनच्या यादीत मुंबईवर क्लिक कराल, तेव्हा लक्षात असू द्या. त्या ओळीत यायला मुंबईने ४९ वर्षं घेतली होती.